चालू आहे, पण जतन केलंय का?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या भाषणमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणमालेत बोला म्हणून कमिटीनं मला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी बँकेवर बोलणार. पण निवृत्त बँकवाला बँकेवर बोलायला लागला की निम्मे लोक झोपतात आणि उरलेले कर्जाची चौकशी करतात. म्हणून मी आज आपल्या ऑफिसात कपाटावर ठेवलेल्या त्या पांढऱ्या डब्यावर बोलणार आहे. त्याला दोन अँटेना आहेत, हिरवे दिवे लुकलुकतात आणि त्याच्यावर धूळ बसलेली असते. त्याला राऊटर म्हणतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरीही तो आहे. त्याच्या सेटिंग जतन कशा करायच्या आणि त्याला अद्ययावत कसं करायचं, हा आजचा विषय. विषय कोरडा वाटेल, पण यात आपल्या सोसायटीच्या सुरक्षेचा प्रश्न अडकलेला आहे, हे शेवटपर्यंत ऐकलं तर पटेल.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर रांग लावावी लागायची. आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं ते सुरू केलं. ते बीडपर्यंत नीट पोचायला पुढं बरीच वर्षं गेली. आपल्या जिल्ह्यानं रेल्वेची वाट पाहिली तेवढी नेटची पाहावी लागली नाही, हे नशीब समजायचं. आज मात्र आपल्या मुलांचे क्लास, गॅसचं बुकिंग, लाईट बिल, फाटकावरचे कॅमेरे आणि परगावी असलेल्या लेकरांचा चेहरा, हे सगळं त्या एका डब्यातून येतं.

आधी तो करतो काय ते सांगतो. पोस्टात टपालाची वर्गवारी करणारा माणूस असायचा. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि योग्य खणात टाकायचा. राऊटर हेच करतो. तुमच्या मोबाईलमधून निघालेला मजकूर छोट्या छोट्या पाकिटांत भरला जातो, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि कोणतं पाकीट कोणत्या वाटेनं सोडायचं हे राऊटर ठरवतो. ते ठरवण्यासाठी त्याला काही सूचना द्याव्या लागतात. कंपनीचा युजर आयडी आणि पासवर्ड काय, वायफायचं नाव काय, कोणत्या कॅमेऱ्याला कोणता पत्ता द्यायचा, कोणाला आत येऊ द्यायचं आणि कोणाला नाही. या सगळ्या सूचनांना मिळून म्हणतात कॉन्फिगरेशन. आपण मराठीत मांडणी म्हणू.

आता मुद्द्याची गोष्ट. बँकेत, कार्यालयात जे मोठे राऊटर असतात, त्यांत ही मांडणी दोन जागी असते. एक चालू मांडणी, तिला रनिंग कॉन्फिग म्हणतात. ती रॅम नावाच्या स्मृतीत राहते. लाईट गेली की ती पुसली जाते. दुसरी पक्की मांडणी, तिला स्टार्टअप कॉन्फिग म्हणतात. ती एनव्हीरॅम नावाच्या स्मृतीत राहते, लाईट गेली तरी टिकते. राऊटर पुन्हा सुरू होतो तेव्हा तो पक्की मांडणी वाचून कामाला लागतो. म्हणजे एखाद्यानं सेटिंग बदलल्या, काम सुरू झालं, पण त्या पक्क्या केल्याच नाहीत, तर सगळं छान चालतं. कधीपर्यंत? लाईट जाईपर्यंत.

आमच्या पिढीतल्या लोकांना हे लगेच समजेल. दुकानदार कच्च्या वहीत लिहितो आणि रात्री पक्क्या वहीत उतरवतो. उतरवलं नाही आणि कच्ची वही भिजली, तर उधारी कुणाकडून वसूल करणार? बँकेतही क्लार्कनं नोंद टाकली म्हणजे व्यवहार झाला असं होत नाही. अधिकाऱ्यानं ती तपासून पास केली की मगच ती पक्की.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बँकांमध्ये संगणक आणण्याची शिफारस रंगराजन समितीनं १९८४ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये केली. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हैदराबादला आयडीआरबीटी ही संस्था काढली, १९९९ मध्ये बँकांसाठी इन्फिनेट हे वेगळं जाळं सुरू झालं. २००४ मध्ये आरटीजीएस आलं, २००५ मध्ये एनईएफटी. एकेक शाखा मुख्य संगणकाला जोडली जायला लागली. शाखेत लेजरच्या जागी एक लोखंडी पेटी आली आणि त्या पेटीत राऊटर बसला.

मी तेव्हा बालाघाटच्या डोंगरातल्या एका शाखेत होतो. २००७ च्या आसपासची गोष्ट. ते भारनियमनाचे दिवस होते, हे इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. शाखेची लाईन बदलली होती आणि ते काम एका खाजगी गुत्तेदाराच्या माणसानं केलं होतं. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं, कारण मधल्या काळात यूपीएसनं साथ दिली. मग एके दिवशी लाईट इतका वेळ गेली की यूपीएसची बॅटरी उतरली. दुपारी लाईट आली, राऊटरचे दिवे लागले, पण मुख्य संगणक काही बोलेना.

दिवस कोणते? दसरा होऊन गेलेला. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या तयारीत. गाड्या गावात लागलेल्या. घरी मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या हातात चार पैसे द्यावेत म्हणून माणसं खात्यातले पैसे काढायला आलेली. निराधार योजनेच्या बाया सकाळपासून पायरीवर बसलेल्या. पैसे तिजोरीत होते, खात्यातही होते, पण कोणाच्या खात्यात किती हे दाखवणारी वाट बंद होती. मुकादम बाहेरून हॉर्न वाजवत होता.

संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणाहून दुसरा एक तरुण इंजिनिअर मोटारसायकलवर आला. लॅपटॉप जोडला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "साहेब, यात जुन्याच लाईनची मांडणी आहे. नवी टाकली होती, पण सेव्ह केली नव्हती." त्यानं मला पडद्यावर दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी दाखवल्या. मग नवी मांडणी पुन्हा टाकली आणि शेवटी दोनच शब्द टाईप केले, राईट मेमरी. पडद्यावर उमटलं, बिल्डिंग कॉन्फिगरेशन, आणि खाली कंसात ओके. पहिल्या माणसानं हे दोन शब्द टाईप केले असते तर त्या दिवशी दोन टोळ्यांमधली माणसं पैसे न घेता गेली नसती. आम्ही रात्री साडेआठपर्यंत काऊंटर चालवलं, पण गाडी त्याआधीच निघून गेली होती.

मी त्या इंजिनिअरला विचारलं, "बाबा, ही दोन-दोन मांडण्यांची भानगड ठेवलीच कशाला? बदललं की आपोआप पक्कं का होत नाही?" त्याचं उत्तर मला फार आवडलं. तो म्हणाला, "समजा मी इथून दूरच्या राऊटरमध्ये बदल करतोय आणि चुकीची ओळ टाकली, तर माझाच रस्ता बंद होईल. मग तिथं गाडीनं जावं लागेल. म्हणून आम्ही आधी त्याला सांगून ठेवतो, रीलोड इन टेन, म्हणजे दहा मिनिटांनी स्वतः बंद होऊन सुरू हो. मग बदल करतो. चुकलं, तर दहा मिनिटांनी तो उठतो आणि जुन्या पक्क्या मांडणीवर येतो. बरोबर आलं, तर मी ते बंद पडणं रद्द करतो आणि मग सेव्ह करतो." म्हणजे न जतन करणं ही सुद्धा एक सोय आहे. फक्त ती तपासणीपुरती वापरायची. तपासून झालं की पक्कं करायचंच.

आता घरच्या राऊटरकडं येऊ. घरच्या बहुतेक राऊटरमध्ये सेव्ह किंवा अप्लाय दाबलं की मांडणी लगेच पक्की होते. पण सगळ्यांत नाही. जुन्या ब्रॉडबँड मोडेममध्ये बदल केल्यावर कमिट नावाचं वेगळं बटण दाबावं लागायचं. कार्यालयांसाठीच्या काही राऊटर आणि स्विचमध्ये आजही अप्लाय वेगळं आणि सेव्ह वेगळं असतं. म्हणून खात्रीची एकच परीक्षा आहे. काम करणाऱ्या माणसासमोर राऊटरची लाईट बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा. सगळं जसंच्या तसं आलं तरच त्याला पैसे द्या. हातातल्या नोटा ग्राहक काऊंटर सोडण्यापूर्वी मोजतो, तसंच हे.

एक फरक लक्षात ठेवा. रीस्टार्ट आणि रीसेट एक नाही. रीस्टार्ट म्हणजे दुकान बंद करून पुन्हा उघडणं. रीसेट म्हणजे दुकानातली वही जाळून कोरी वही घेऊन बसणं. राऊटरच्या मागं एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबलं की कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा तो होतो. नेट हळू चालतंय म्हणून नातवंडांनी ते भोक कोरलं की आजोबांचा दिवस गेला.

आता अद्ययावत करणं. राऊटरच्या आत एक आज्ञावली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. तिच्यात दोष सापडतात, कंपनी दुरुस्ती काढते. ती का बसवायची? दोन उदाहरणं देतो. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो राऊटर आणि कॅमेऱ्यांमध्ये शिरायचा. कसा? कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून. लोकांनी ते बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा उपकरणांच्या फौजेनं अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि मोठमोठ्या वेबसाईट काही तास बंद पडल्या. गंमत अशी, की मिराई फक्त रॅममध्ये राहायचा. लाईट बंद केली की तो पुसला जायचा. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात पुन्हा यायचा.

दुसरं उदाहरण २०१८ चं. व्हीपीएनफिल्टर नावाच्या प्रोग्रामनं ५४ देशांमध्ये किमान ५ लाख उपकरणं धरली, असं सिस्कोच्या संशोधकांनी मे महिन्यात जाहीर केलं. अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. त्यानं त्या प्रोग्रामचा वरचा भाग जायचा, पण मूळ भाग पक्क्या स्मृतीत घर करून बसलेला असायचा. तो काढायला रीसेट आणि नवं फर्मवेअर हाच उपाय. म्हणजे बघा, आपण आपली मांडणी पक्की करायला विसरतो, पण चोर त्याची मांडणी पक्की करायला विसरत नाही.

अद्ययावत करताना काय करायचं, ते सांगतो. लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

पहिलं, राऊटर उलटा करून खालचं लेबल वाचा. मॉडेल नंबर आणि त्याच्या शेजारी व्हर्जन लिहिलेलं असतं. मॉडेल तेच आणि व्हर्जन वेगळं असेल तर फाईल वेगळी लागते. भलतीच फाईल घातली तर डब्याची वीट होते.

दुसरं, फाईल कंपनीच्याच साईटवरून घ्या. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर घेऊ नका. राऊटर इंटरनेट कंपनीनं दिलेला असेल तर स्वतः हात लावू नका, बहुधा ती कंपनी दुरून तो अद्ययावत करते. त्यांना फोन करून विचारा.

तिसरं, आधी चालू मांडणीची नक्कल काढा. राऊटरच्या पानावर बॅकअप असा पर्याय असतो. ती फाईल राऊटरबाहेर ठेवा, एक संगणकावर आणि एक पेन ड्राईव्हवर. शिवाय मुख्य गोष्टी कागदावर लिहा. फर्मवेअर बदललं की जुनी बॅकअप फाईल काही वेळा नवं फर्मवेअर स्वीकारत नाही. कागद मात्र कोणीही वाचू शकतो.

चौथं, वायफायवरून करू नका. वायर लावून करा.

पाचवं, आणि बीडकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आभाळ भरून आलेलं असताना करू नका. फर्मवेअर लिहिलं जात असताना मध्येच लाईट गेली तर राऊटर पुन्हा उठेलच असं नाही. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मगच बटण दाबा. दिवे कसेही लुकलुकले तरी मधेच स्वीच काढू नका.

सहावं, झाल्यावर सगळं तपासा. नेट, कॅमेरे, ऑफिसचा संगणक. मग लाईट बंद-चालूची परीक्षा घ्या. आणि नव्या मांडणीचीही नक्कल काढून तारीख टाका.

सातवं, कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी दुरुस्त्या काढणं बंद केलं असेल तर राऊटर बदला. दिवे लागतात म्हणून तो निरोगी आहे असं नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. दोन पावसाळ्यांपूर्वी पार्किंगमध्ये दोन नवे कॅमेरे बसवले, हे सगळ्यांना आठवत असेल. बसवणाऱ्यानं राऊटरमध्ये कॅमेऱ्यांचे पत्ते नव्यानं मांडले. चित्र दिसलं, कमिटीनं पाहिलं, बिल दिलं. पुढं एका रात्री वीज कडाडली, लाईट गेली, आली. राऊटर जुन्या मांडणीवर उठला. रेकॉर्डर कॅमेऱ्यांना नव्या पत्त्यावर हाका मारत राहिला आणि कॅमेरे त्या पत्त्यावर नव्हतेच. पण सगळ्यांच्या मोबाईलवर नेट चालू होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. अकरा दिवसांनी पार्किंगमधून एक मोटारसायकल गेली. ज्याची गेली त्या तरुणाचे अजून हप्ते चालू होते. पोलिसांनी चित्रण मागितलं. अकरा दिवसांचं चित्रणच नव्हतं.

पुढचं आणखी कठीण. राऊटरचा पासवर्ड त्या बसवणाऱ्याकडे होता आणि तो गाव सोडून गेलेला. फोन लागेना. शेवटी रीसेट करावं लागलं. रीसेट केल्यावर इंटरनेट कंपनीचा युजर आयडीही पुसला, तो कुठं लिहिलेला नव्हता. चार दिवस ऑफिसचं नेट बंद. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज रात्री ऑफिसच्या वायफायवर येऊन पुण्याच्या मुलाशी बोलतात. त्या चारही रात्री नेहमीच्या वेळेला खाली आल्या, बाकावर बसल्या आणि परत वर गेल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. मोटारसायकलची किंमत सांगता येते, त्या चार रात्रींची नाही.

यात मला बँकेतली एक पद्धत आठवते. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक कॅशिअरकडे. एकट्यानं तिजोरी उघडत नाही. किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या होतात. जास्तीच्या किल्ल्यांचा जोड दुसऱ्याच शाखेत ठेवलेला असतो. माणसावर विश्वास नसतो म्हणून नव्हे. माणूस आजारी पडतो, बदलून जातो, मरतो. शाखा चालूच राहायला हवी, म्हणून.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली जुन्या कमिटीनं नव्या कमिटीला दप्तर सोपवायचं असतं. इतिवृत्त, कॅशबुक, पासबुक, शेअर रजिस्टर हे सगळं आपण यादी करून देतो-घेतो. पण राऊटरचा पासवर्ड त्या यादीत नाही. माझ्या मते आजच्या घडीला तोही दप्तरच आहे.

म्हणून कमिटीपुढं माझ्या तीन सूचना आहेत. एक, राऊटर रजिस्टर सुरू करावं. शंभर पानी साधी वही पुरे. कधी काय बदललं, कोणी बदललं, सेव्ह करून लाईट बंद-चालूची परीक्षा घेतली की नाही, हे तारखेसह लिहायचं आणि काम करणाऱ्याची सही घ्यायची. दोन, पासवर्ड, युजर आयडी आणि बॅकअपचा पेन ड्राईव्ह लाखबंद पाकिटात घालून त्यावर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या करून ते लोखंडी कपाटात ठेवावं. कोणी बाहेरचा माणूस काम करून गेला की पासवर्ड बदलायचा आणि पाकीटही नवं करायचं. तीन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणीतरी एकानं आदल्या रात्रीचं चित्रण उघडून पाहायचं. दिवा लागलेला पाहून समाधान मानायचं नाही.

हे तिसरं काम मी पुढच्या वर्षभरासाठी माझ्याकडं घेतो. माझ्यासोबत पुढच्या रांगेतल्या दोन मुलांनी यावं. मला डोळ्यांना कमी दिसतं आणि त्यांना रजिस्टर लिहायची सवय नाही, म्हणजे जोडी बरी जमेल. येत्या वार्षिक सभेत या तीन सूचनांचा ठराव मांडला जावा, सूचक म्हणून माझं नाव घालावं, अनुमोदक तुमच्यातून कोणीही व्हावं.

पंचवीस वर्षांत आपण भिंती उभ्या केल्या, बोअर घेतला, झाडं जगवली. हे सगळं पुढच्या कमिटीच्या हाती देताना डब्यातली ती अदृश्य मांडणीही नीट लिहून देऊ या.